लंडनमध्ये आव्हान, पतियाळात निकाल अन् म्हातारपणी महिन्याची मदत: गामा पैलवानाची गोष्ट

गावात एखादा पोरगा उगाच रग दाखवायला लागला की म्हातारी माणसं त्याला हमखास विचारतात, स्वतःला काय गामा समजतोस का? विचारणाऱ्याला नाव माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. पण हा गामा कोण, कुठला, त्याने कुणाला अस्मान दाखवलं आणि शेवटी त्याचं काय झालं, असं विचारलं तर पारावरची गोष्ट अर्ध्यातच थांबते. २२ मे २०२२ ला गुगलने पहिल्या पानावर त्याचं चित्र लावलं होतं, हातात गदा घेतलेलं. तेव्हा कित्येकांना कळलं की गामा ही नुसती म्हण नाही, खरोखरचा माणूस होता.

आजकाल तालमीतली पोरंसुद्धा मोबाईलवर पिंजऱ्यातल्या फायटी बघतात. एमएमए म्हणतात त्याला. कुस्तीवाला, बॉक्सर, जुदोवाला, सगळे एकाच पिंजऱ्यात. पैसे ठरवून लढायचं, देशोदेशी फिरायचं आणि समोर कुठल्या देशाचा गडी येतो ते बघून घ्यायचं. गामाने शंभर वर्षांपूर्वी जवळपास हाच धंदा केला. त्याच्या काळात मात्र कंपनी नव्हती, करार नव्हता, टीव्हीचे पैसे नव्हते. पैलवानाचा खुराक राजा द्यायचा. तालीम राजाची, दूधतूप राजाचं, इनाम राजाचं. ही गोष्ट लक्षात ठेवली तर गामाचं सगळं आयुष्य नीट समजतं.

पोरका पोरगा

गामाचं खरं नाव गुलाम मोहम्मद बक्ष बट. घराणं मूळचं काश्मिरी, पंजाबात स्थिरावलेलं आणि पिढीजात पैलवानकीचं. जन्म २२ मे १८७८ चा धरतात. गाव म्हणून अमृतसरकडच्या जब्बोवालचं नाव घेतात, काही जण मध्य भारतातल्या दतियाचं घेतात. वडील मोहम्मद अझीझ बक्ष हेही पैलवान. गामा सहा वर्षांचा असताना ते वारले.

पैलवानाच्या घरातला कर्ता गेला की पहिला प्रश्न पोरांच्या तालमीचा येतो. गामाला आधी आजोबा नून पैलवानांनी सांभाळलं, ते गेल्यावर मामा इदा पैलवानांनी. धाकटा भाऊ इमाम बक्ष बरोबर होताच. दोघांनीही आखाड्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. शाळा नाही, दुसरा हुन्नर नाही. बापाचं राहिलेलं काम पोराने पुरं करायचं, एवढंच घरात ठरलेलं होतं.

गामाचं नाव पहिल्यांदा गाजलं ते कुस्तीने नव्हे, बैठकांनी. १८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली होती. चारशेहून जास्त पैलवान आले होते. शेवटी टिकून राहिलेल्या पंधरा जणांत हा दहा वर्षांचा पोरगा होता. महाराजांनी वय बघून त्यालाच विजेता जाहीर केलं. त्या दिवशी त्याने किती बैठका मारल्या, याचे आकडे प्रत्येक सांगणाऱ्यागणिक वाढत जातात, त्यामुळे ते सोडून दिलेले बरे. त्यानंतर कित्येक दिवस त्याला चालता येत नव्हतं म्हणतात, हे मात्र कुणालाही पटेल. पहिल्यांदा तालमीत जाऊन आलेल्याला जिना उतरताना काय होतं, ते ठाऊक असणाऱ्यांना जास्तच पटेल.

यानंतर दतियाच्या राजांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. दरबारी मल्ल म्हणून त्याची नोंद झाली आणि खुराकाचा प्रश्न मिटला.

खुराक म्हणजे काय

गामाच्या खुराकाच्या याद्या फार रंगवून सांगतात. त्यातलं जे सगळीकडे सारखं येतं ते असं: दिवसाला दहा लिटर दूध, वाटलेले बदाम, तूप, मटण, कोंबड्या, फळांचा रस. कोंबड्यांची संख्या बाजूला ठेवू. नुसतं दहा लिटर दूध धरलं तरी चांगल्या मुऱ्हा म्हशीचं दिवसभराचं दूध एकट्या माणसाच्या पोटात गेलं. डेअरीला रोज दूध घालणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एक म्हैस फक्त एका पोरासाठी बांधून ठेवायची, वैरण-पेंड घालायची आणि त्यातून घरात एक रुपया येणार नाही. साध्या कास्तकाराला किंवा मजुराला हे झेपण्यासारखं नव्हतंच.

व्यायामही त्याच तोडीचा. रोज हजारांनी जोर, हजारांनी बैठका, मग चाळीसेक पैलवानांशी आळीपाळीने लढत, असं सांगतात. बैठका मारताना तो मानेत दगडी कडं घालायचा. ९५ किलोचं असं एक दगडी कडं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

बडोद्याची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण तिथे गायकवाडांचं मराठी राज्य होतं आणि कुस्तीला तिथे फार मान होता. २३ डिसेंबर १९०२ ला गामाने बडोद्यात एक थोरला दगड उचलून काही पावलं चालून दाखवला. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये तो दगड आजही आहे, त्यावर तसं कोरलेलंही आहे. वजन १२०० किलो सांगतात. १२०० किलो म्हणजे खताची पन्नास किलोची चोवीस पोती. ज्याने टेम्पोतून एक पोतं उतरवलंय तो हा आकडा ऐकून गालातल्या गालात हसेल. दगड मोठा आहे, गामाने तो हलवला, इथपर्यंत ठेवलं तरी चोवीस वर्षांच्या पोरासाठी ते कमी नाही.

सात फुटी रहीम

त्या काळात हिंदुस्तानात कुस्तीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे गुजरांवाल्याचा रहीम बक्ष सुलतानीवाला. मोठा म्हणजे नावाने आणि अंगानेही. उंची सात फुटांच्या आसपास. गामा पाच फूट सात इंच. रहीम वयानेही बराच वडील होता आणि तोही काश्मिरी घराण्यातलाच. गामाने ऐन विशीच्या आतबाहेर असताना त्याला आव्हान दिलं. लोकांना वाटलं, पोरगं चिरडणार. तासन् तास खडाखडी झाली, पण निकाल निघाला नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली.

कुस्तीशौकिनांना हे वेगळं सांगायला नको की एवढ्या मोठ्या मल्लाबरोबर बरोबरी म्हणजे पोराच्या बाजूने निम्मा निकाल. तिथून पुढे गामाला जोड मिळणं अवघड होत गेलं. संस्थानांतले एकेक नामांकित पैलवान त्याने चितपट केले. रहीम तेवढा राहिला. दोघांची गाठ पुन्हा पडली, पुन्हा निकाल लागला नाही. ही बाकी फिटायला पुढे लंडनची वारी व्हावी लागली.

लंडनला कोण विचारतो

१९१० साली गामा, भाऊ इमाम बक्ष आणि अहमद बक्ष असे पैलवान विलायतेला गेले. नेणारा आर. बी. बेंजामिन नावाचा इंग्रज प्रमोटर होता. आजच्या फायटर लोकांना मॅनेजर असतो ना, तसाच.

लंडनमध्ये त्या वेळी कुस्ती हा थिएटरातला खेळ झाला होता. संध्याकाळी नाच, गाणी, नकला आणि मध्ये कुस्ती. बऱ्याच कुस्त्या आधीच ठरवून केलेल्या असायच्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नूरा कुस्ती. प्रेक्षक तिकीट काढून बसायचे, पैलवान वेळ भरायचे. अशा ठिकाणी खरी कुस्ती खेळणारी काळी माणसं आली तर धंदेवाल्यांना ती नकोच होती. गामाला तिथल्या स्पर्धेत घेतलं नाही. कारण दिलं उंचीचं, असं सांगतात.

मग गामाने जाहीर आव्हान लावलं. कुठल्याही वजनाचे तीन पैलवान आणा, अर्ध्या तासात तिघांनाही पाडतो. कोणी आलं नाही, कारण सगळ्यांना ही जाहिरातबाजी वाटली. गामाने मग नावं घेऊन आव्हान दिलं. जगज्जेता म्हणवणारा अमेरिकेचा फ्रँक गॉच, रशियाचा नावाजलेला हॅकनश्मिट, पोलंडचा झिबिस्को. माझ्याशी लढा, नाही तर बक्षिसाची रक्कम मला द्या, असा त्याचा सरळ हिशेब होता.

पहिला तयार झाला अमेरिकेचा बेंजामिन रोलर. हा पेशाने डॉक्टर आणि अंगाने चांगलाच भरलेला. ८ ऑगस्ट १९१० ला अल्हंब्रा थिएटरात कुस्ती झाली. तिथल्या रिवाजाप्रमाणे दोनदा चित करावं लागायचं. गामाने पहिल्यांदा एक मिनिट चाळीस सेकंदांत त्याची पाठ लावली आणि दुसऱ्यांदा सव्वानऊ मिनिटांच्या आत. तिकडे इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांतच दोनदा लोळवलं. आता लंडनच्या पेपरवाल्यांना कळलं की हे लोक थट्टा करायला आलेले नाहीत.

गव्हाच्या पोत्यासारखा पडून राहिलेला झिबिस्को

खरी लढत १० सप्टेंबर १९१० ची. समोर स्तानिस्लाव झिबिस्को. तो जगातल्या पहिल्या तीन-चार पैलवानांत गणला जायचा. वजन ११५ किलोच्या आसपास, गामा ९० च्या आसपास. पैज प्रत्येकी २५० पौंडांची, वर जॉन बुल नावाचा पट्टा. जागा शेफर्ड्स बुशचं मोठं स्टेडियम.

कुस्ती लागली आणि एका मिनिटाच्या आत गामाने झिबिस्कोला खाली घेतलं. झिबिस्को अनुभवी होता. उभं राहून या माणसापुढे टिकाव लागणार नाही, हे त्याने तेवढ्यातच ओळखलं. मग त्याने एकच केलं, पोटावर पालथा पडून राहिला. हात-पाय पसरून, मान आत घेऊन, गव्हाचं पोतं टाकल्यासारखा. खांदे जमिनीला लागले नाहीत तर हार नाही, असा नियम. गामा वरून सगळे डाव लावत होता, पण गादीला चिकटलेलं ११५ किलोचं अंग उलटेना.

हे असं चाललं दोन तास पस्तीस मिनिटं. मधे एक-दोनदा झिबिस्को उठला, पुन्हा खाली गेला आणि पडून राहिला. आपल्या गावच्या मैदानात कुणी असं केलं असतं तर हलगीवाल्याने हलगी थांबवली असती आणि कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी पंचाला आत येऊन जाब विचारला असता. लंडनच्या प्रेक्षकांनीही आरडाओरडा केलाच. पण नियमात बसत होतं, त्यामुळे पंच काही करू शकले नाहीत. उजेड कमी झाला, कुस्ती थांबवली आणि पुढच्या आठवड्यात निकाली लढत ठरली.

१७ सप्टेंबरला गामा मैदानात हजर. झिबिस्को आलाच नाही. पट्टा आणि बक्षीस गामाला दिलं. समोरचा न आल्यामुळे मिळालेला विजय कागदावर पक्का असतो, पण पैलवानाच्या मनात तो सल राहतो. पाठ लागलेली नाही ना! गामाच्या मनातही तो पुढची अठरा वर्षं राहिला. गॉच आणि हॅकनश्मिट तर शेवटपर्यंत समोर आलेच नाहीत.

त्या दिवसांत देश इंग्रजांच्या ताब्यात होता. त्यांच्याच राजधानीत जाऊन एका हिंदी माणसाने गोऱ्या पैलवानांना उघड बोलावलं आणि ते आले नाहीत, ही बातमी इथे पोहोचली तेव्हा तिचा अर्थ कुस्तीपुरता राहिला नाही. आखाड्यात न उतरणारे लोकसुद्धा गामाचं नाव घ्यायला लागले. म्हणी अशाच तयार होतात.

रुस्तम-ए-हिंद आणि खासबाग

परतल्यावर रहीम सुलतानीवाल्याशी राहिलेला हिशेब अलाहाबादला पुरा झाला. या वेळी गामा जिंकला आणि रुस्तम-ए-हिंद ठरला. रहीमचं वय तोपर्यंत उतरणीला लागलं होतं, हे खरं. पण आपल्याला सगळ्यात जड गेलेला गडी कोण, असं विचारलं की गामा रहीमचंच नाव घ्यायचा. बाकीच्यांबद्दल तो फारसा बोलायचा नाही.

आपल्या भागाशी या घराण्याचा थेट संबंध याच काळातला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी विलायतेच्या प्रवासात रोमचं जुनं गोल मैदान पाहिलं होतं. तसं मैदान कुस्तीसाठी आपल्याकडे हवं म्हणून त्यांनी खासबाग बांधून घेतलं. १९१२ मध्ये या मैदानाचं उद्घाटन झालं तेव्हा पहिली मोठी कुस्ती होती इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. ती इमाम बक्षने मारली. म्हणजे खासबागच्या मातीत पहिल्या मोठ्या विजयाचा शड्डू ठोकला तो गामाच्या सख्ख्या धाकट्या भावाने. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या तालमींत गामा-इमामचं नाव घरातल्यासारखं घेतात, त्याचं एक कारण हे आहे. शाहू महाराजांनीही पंजाबी मल्लांना बोलावून, खुराक देऊन ठेवलं होतं. आपल्या पोरांनी त्यांच्याबरोबर लढत करून शिकावं, हा त्यामागचा विचार.

गामाला मात्र आता जोड उरली नव्हती. १९१६ मध्ये पंडित बिद्दू या नावाजलेल्या मल्लाला त्याने हरवलं. १९२२ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्तानात आला असता त्याच्या हस्ते गामाला चांदीची गदा मिळाली. पण मानसन्मान वाढले आणि कुस्त्या कमी झाल्या. बक्षिसावर जगणाऱ्या पैलवानासाठी हे वाईटच. समोर कोणी येत नाही याचा अर्थ मैदान नाही, आणि मैदान नाही याचा अर्थ कमाई नाही. अशा वेळी राजाश्रयच काय तो आधार. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कुस्तीचे आणि क्रिकेटचे मोठे शौकीन. गामा त्यांच्या पदरी होता.

पतियाळात एक मिनिटही लागलं नाही

१९२८ च्या जानेवारीत झिबिस्को पतियाळाला आला. महाराजांनीच ही कुस्ती जुळवली. या कुस्तीसाठी मुद्दाम मैदान उभारलं होतं. हजारो लोक जमले, संस्थानिक आले, गोरे अधिकारी आले. गामा पन्नाशीला टेकलेला आणि झिबिस्कोही जवळपास तेवढाच. लोकांना शंका होती की इतक्या वर्षांत गामा कुणाशी लढलाच नाही, आता या वयात काय करणार.

या वेळी लंडनची गादी नव्हती, हौद्यातली माती होती. सलामी झाली, हात मिळाले. झिबिस्को खाली पडून राहायचा विचार करायच्या आत त्याची पाठ मातीला लागली होती. वेळ कुणी बेचाळीस सेकंद सांगतं, कुणी त्याहून कमी. एक मिनिट काही झालं नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अठरा वर्षांपूर्वी दोन तास पस्तीस मिनिटांत जो निकाल निघाला नव्हता तो इतक्यात निघाला. झिबिस्कोने हार खुल्या मनाने मान्य केली आणि गामाचं कौतुकच केलं. लंडनमधल्या त्या पालथ्या पडण्याबद्दल त्याला आजवर बोल लावतात, तेव्हा पन्नाशीजवळ आल्यावर एवढ्या लांब येऊन हौद्यात उतरला, हेही त्याच्या बाजूने मोजायला पाहिजे.

महाराजांनी गामाला चांदीची भली थोरली गदा दिली. शिवाय एक गाव इनाम आणि वर्षाला सहा हजार रुपयांचं वर्षासन. त्या काळी सहा हजार म्हणजे आयुष्यभराची सोय. पुढच्याच वर्षी जेस पीटरसन नावाचा पैलवान आला, त्याला गामाने दीडेक मिनिटात लोळवलं. त्यानंतर मोठं म्हणावं असं मैदान त्याच्या वाट्याला आलं नाही. जाहीर कुस्तीत गामाची पाठ कुणी लावली अशी नोंद नाही.

खुराक देणारे गेले

घरात मात्र गामाला सुख नव्हतं. त्याला पाच मुलगे झाले, पण त्यातला एकही म्हातारपणात बापाच्या सोबतीला राहिला नाही. सगळे अकाली गेले. ज्या घराण्यात बापाकडून पोराकडे आखाडा जातो, तिथे हे दुःख दुप्पट असतं. मग त्याने सगळं लक्ष इमाम बक्षच्या पोरांवर दिलं. त्यातला थोरला भोलू.

१९३८ मध्ये भूपिंदरसिंग महाराज वारले. नऊ वर्षांनी देशाची फाळणी झाली. गामा लाहोरला मोहनी रोडवर राहत होता. त्या गल्लीत हिंदू कुटुंबं होती. दंगे पेटले तेव्हा जमाव गल्लीच्या तोंडाशी आला आणि गामा आपले पैलवान घेऊन आडवा उभा राहिला, असं लाहोरकर सांगतात. जमावातल्या एकाला त्याने मुस्काटात दिली आणि बाकीचे मागे फिरले. पुढे ही कुटुंबं सीमेकडे निघाली तेव्हा वाटेत खायला म्हणून त्यांना आठवडाभराचा शिधा गामाने स्वतःच्या पैशातून भरून दिला, असंही सांगतात. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा तो. आयुष्यात कुस्तीशिवाय काही केलं नव्हतं, आणि त्या दिवशी ताकदीचा उपयोग त्याने हा केला.

पण फाळणीने त्याचा स्वतःचा आधारही नेला. पतियाळा सीमेच्या अलीकडे राहिलं. इनाम मिळालेलं गाव, वर्षासन, दरबार, सगळं दुसऱ्या देशात गेलं. दतिया इकडे, बडोदं इकडे, कोल्हापूर इकडे. शिवाय संस्थानंच विलीन होत होती, म्हणजे इकडे राहिला असता तरी राजे काही त्याला पुरणार नव्हते. ज्या व्यवस्थेने दहा वर्षांच्या पोराला उचलून दूध-बदाम दिले, ती व्यवस्थाच दोन-तीन वर्षांत संपली. पैलवानाला पेन्शन द्यावी असा कायदा तेव्हा कुठेच नव्हता.

आपल्याकडे त्यानंतर हे काम हळूहळू साखर कारखान्यांनी, तालीम संघांनी आणि गावोगावच्या जत्रा कमिट्यांनी अंगावर घेतलं. कारखान्याचं मानधन घेऊन तयार झालेले मल्ल प्रत्येक तालुक्यात सापडतील. ज्याला मानधन मिळालं नाही आणि बापाने शेत गहाण टाकून खुराक पुरवला, असेही सापडतील. गामाच्या वाट्याला मधली वर्षं आली, राजे गेलेले आणि दुसरं कोणी आलेलं नाही अशी.

म्हातारपणी त्याला दमा जडला, हृदयाचा त्रास सुरू झाला. रोज दहा लिटर दूध पिणाऱ्या माणसाला औषधपाण्याची विवंचना पडली. पाकिस्तान सरकारने थोडी जमीन आणि महिन्याची मदत दिली. सीमेपलीकडच्या त्याच्या हालांची बातमी भारतात आली तेव्हा उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी दोन हजार रुपये पाठवले आणि महिना तीनशे रुपये सुरू केले, अशी माहिती गामाच्या चरित्रांत येते. बिर्लांना कुस्तीची फार आवड होती.

२३ मे १९६० ला लाहोरमध्ये गामा वारला. आदल्याच दिवशी त्याला ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.

घराण्याचं नाव पुढे चाललं. भोलू १९४९ मध्येच रुस्तम-ए-पाकिस्तान झाला होता. गामाच्या मुलीची मुलगी कुलसुम पुढे पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांची पत्नी झाली. आणि ज्या एमएमएची पोरं आज मोबाईलवर नक्कल करतात, त्याची सुरुवात सांगताना जपानच्या अंतोनियो इनोकीचं नाव हमखास येतं. जून १९७६ मध्ये तो टोकियोत बॉक्सर मोहम्मद अलीशी लढला, पैलवान विरुद्ध मुष्टियोद्धा अशी ती जोड होती. त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला आला आणि त्याने भोलूचा धाकटा भाऊ अक्रमला हरवलं. अक्रमचा हात मोडला. तीन वर्षांनी, जून १९७९ मध्ये, लाहोरला इमाम बक्षचा नातू झारा इनोकीसमोर उतरला. पोराचं वय विशीच्या आतबाहेर. पाच फेऱ्या झाल्या, निकाल निघाला नाही. शेवटी इनोकीनेच झाराचा हात धरून वर केला.